गालावरचा तीळ

आळे गावच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घ्यायचे तेव्हाची गोष्ट. दोन हजार पाचच्या आसपासची. मधल्या सुट्टीत एक पालक बाई लेकीचा हात धरून वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. लेक माझ्याच वर्गातली, दुसऱ्या बाकावरची.

“बाई, हिला फोटोग्राफिक मेमरी हाय म्हणत्यात,” ती म्हणाली. “परवा टीव्हीवर दाखवलं ना, तसंच. पान वाचलं की बघायला नको, जसंच्या तसं म्हणून दाखवती. आपल्यासारख्या साध्या माणसांत असतंय का ओ असं?”

माझा स्वभाव मुळातच तुसडा. मी म्हणाले, “असतं. आणि गोवरासारखं येऊन जातंही. फार गाजावाजा करू नका.”

तिचा चेहरा उतरला. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला बिचारी कांद्याची खुरपणी टाकून आली होती. मलाही वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द गिळता येत नाही. तिला काय सांगणार होते मी? की एके काळी ती मुलगी मीच होते, आणि माझ्या त्या कौतुकापायी आमच्या घरात जे झालं ते मला अजून निस्तरता आलेलं नाही?

आमचं गाव डिंभ्याच्या अलीकडे. सहावी-सातवीत असताना मला कुठलंही पान एकदा, फार तर दोनदा वाचलं की समोर दिसायचं. आठवायचं नाही, दिसायचं. कुठली ओळ कुठे मोडलीय, कुठे शाई फुटलीय, आधीच्या मुलाने कुठल्या चित्राला पेन्सिलने मिशा काढल्यात, सगळं. मी नुसती बघून वाचत जायचे. घोडेगावच्या स्टँडवरचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. एसटीला मात्र ते कधीच पाठ झालं नाही.

गावाने माझं नाव ठेवलं, कॅमेरा. “ए कॅमेरा, खताच्या गोणीवर काय लिवलंय सांग!” की मी सुरू. नत्र, स्फुरद, पालाश टक्क्यांसकट, ते थेट खाली ‘हुक वापरू नये’पर्यंत. पारावरची माणसं मांडीवर थाप मारून हसायची. मला वाटायचं, मी फार मोठी आहे.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीतून तिची शाळा सुटली होती. म्हशीचं, शेताचं, घरातलं सगळं करून ती आठवड्यातून तीन दिवस घोडेगावला शिवणक्लासला जायची. रोज सकाळी माझ्या दोन वेण्या घालण्याचं काम तिचंच. मी पडवीत मांडी घालून बसायचे, मांडीवर पुस्तक. ती माझ्या मागे, गुडघ्यांवर. तिचे गुडघे माझ्या पाठीला टेकलेले असायचे. जरा मान हलली की डोक्यात टपली.

“मान सरळ ठेव. भांग वाकडा आला की पुन्हा माझ्या नावानं बोंबलत येशील.”

मी मोठ्याने पान वाचायचे आणि ती ऐकायची. मधेच थांबले की म्हणायची, “मग? फुडं काय?” सुटलेली शाळा ती माझ्या वेण्यांमधून शिकत होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मी सातवीत होते. भाद्रपदाचे दिवस, बांधावर गवत कमरेइतकं. आमचे सर तेव्हा शहरातून नव्याने आलेले, पहिलीच नोकरी. त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. शाळेला ना धड खडू ना नकाशा, मग दाखवायचं काय? तर मला. सरांनी मला साहेबांसमोर उभं केलं आणि कुठलंही पान सांगायला लावलं. साहेब म्हणायचे, “पान बेचाळीस,” की मी पान बेचाळीस. “पान साठ,” की मी पान साठ. सरांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

तेवढ्यात शेजारचे चुलते धापा टाकत दारात आले.

“सर, हिला लगेच धाडा. हिच्या आक्काला पान लागलंय.”

आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. त्याचं नाव घेतलं की विष चढतं, अशी समजूत. पान लागलं म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. सरांना हे कुठून ठाऊक असणार? ते बिचारे सकाळपासून पानांच्याच नादात.

हसून म्हणाले, “वा! कितवं?”

वर्गातलं एकही पोर हसलं नाही. मी साहेबांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होते, आणि मला खरं सांगायचं तर अर्धा क्षण वाटलं, एवढं पान पुरं करून जावं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी धावत पोचले तोवर तिला झोळीत घालून डांबरी रस्त्याला नेलं होतं. बारा पस्तीसची गाडी त्या दिवशी आलीच नाही. कुणीतरी सायकल मारत जाऊन जीप आणली, त्यात वेळ गेला. घोडेगाव यायच्या आधीच आक्का गेली. तिला परत आणलं तेव्हा, लहान पोर भिईल म्हणून, एका बाईने मला पदराखाली घट्ट धरून ठेवलं. त्या पदराचं नक्षीकाम मी आजही काढून दाखवीन. पदरापलीकडचं मला काही दिसलं नाही.

सर दहाव्याला नदीवर आले होते. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मला तो शब्द माहीत नव्हता गं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुन्हा त्यांनी मला कधी कुठलं पान विचारलं नाही.

घरात आक्काचा एकही फोटो नव्हता. दिवाळीनंतर स्थळं बघायची, तेव्हा नवी साडी नेसवून तिला स्टुडिओत न्यायची, असं ठरलेलं. आई सुरुवातीला नुसती रडायची. मग सातआठ महिन्यांनी एक वेगळंच सुरू झालं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. डोळे मिटून ती बसायची, तव्यावरची भाकरी करपायची.

“तिचं तोंड माझ्या ध्यानातनं चाललंय,” एकदा ती म्हणाली. “काल येत व्हतं, आज नाय येत. आईला लेकीचं तोंड दिसंना, असं कुठं असतंय का?”

आबा, म्हणजे माझे वडील, फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, “आपल्या घरात कॅमेरा असताना कशाला काळजी करती?” चेष्टेत नाही, अगदी मनापासून म्हणाले.

नारायणगावात, वारूळवाडीच्या बाजूला, एक फोटोग्राफर होते. ज्यांचा फोटो नाही अशा गेलेल्या माणसांची चित्रं ते घरच्यांना विचारून विचारून पेन्सिलने काढून द्यायचे. वर्षश्राद्धाला भिंतीवर काहीतरी हवं म्हणून लांबलांबची माणसं त्यांच्याकडे यायची. आम्ही दोन गाड्या बदलून गेलो. आईआबा बाकड्यावर टेकले. आईने हात जोडूनच ठेवले होते, देवळात बसल्यासारखे. मला फोटोग्राफरनी समोरच्या स्टुलावर बसवलं.

“घाई नाय, बाळा. डोळे मिट आणि सांग. कपाळ रुंद का बारीक?”

मी डोळे मिटले. पडवी दिसली. मांडीवरचं पान दिसलं, भूगोलाचं, वरच्या कोपऱ्यात दुमडलेलं. पाठीला गुडघे लागले. डोक्यात टपली बसली. “मग? फुडं काय?” इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी स्टुलावरच मागे वळले. मागे फोटोग्राफरचा पडदा, आणि त्याच्यावर रंगवलेलं तळं.

ती माझ्या मागे असायची. कायम मागे. घरात आरसा होता, पण तो आबांच्या दाढीच्या उंचीवर टांगलेला.

असं कसं होईल, म्हणाल. बारा वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, तोंड काय बघितलं नसेल? हजारदा बघितलं असेल. पण पानाकडे मी बघायचे ते पुन्हा म्हणून दाखवायचंय म्हणून. आक्का कधी पुन्हा सांगावी लागेल, असं कुणाला वाटलं होतं?

मला काही दिसत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. चार शब्द. पण आई माझ्याकडे बघत होती. आबा बघत होते. आणि मी कॅमेरा होते, पारावरच्या टाळ्या खाऊन माजलेली. मला लाज वाटली, आणि त्या लाजेने माझ्याकडून ते पाप करवून घेतलं.

आमच्या वाचनाच्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर एक चित्र होतं. विहिरीवर कमरेला हंडा घेऊन उभी असलेली मुलगी. पान डोळ्यांपुढे आलं आणि मी त्या मुलीचं तोंड वाचायला लागले. कपाळ बारीक. भुवया लांब, मधे न जुळलेल्या. नाक सरळ. हनुवटी जरा टोकदार. फोटोग्राफरची पेन्सिल चालू लागली, आणि मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी थांबलेच नाही. माझ्या पुस्तकात त्या मुलीच्या डाव्या गालावर एक काळा ठिपका होता. छापताना उडालेली शाई. मी तोही सांगितला.

“तीळ?” त्यांनी विचारलं.

“हो. तीळ.”

त्यांनी पेन्सिल थांबवून आईकडे पाहिलं. “व्हता का, ताई?”

आई गोंधळली. आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुटले. आता ती नाही म्हणेल आणि सगळं संपेल.

“पोरगी म्हणती म्हंजे असंल,” आई म्हणाली. “तिच्या डोळ्यांतनं काय सुटत नाय.”

आठ दिवसांनी चित्र आणलं, चौकटीत बसवून. हंडा नव्हता, बाकी तीच. आईने चौकट मांडीवर घेतली. मग तिने त्या नाकावरून बोट फिरवलं. “व्हय,” म्हणाली, “हीच.” आणि जी रडायला लागली ती थांबेना. वर्षश्राद्धाला भावकी जमली. प्रत्येकाने चित्रापुढे हात जोडले आणि प्रत्येक जण म्हणाला, हुबेहूब. ही ती नव्हे, असं म्हणणारा एकही निघाला नाही. त्यात कुणाचा लबाडपणा नव्हता. सगळेच विसरत चालले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना आठवतंय.

फक्त माझा चुलतभाऊ, पाचवीतला, चौकटीकडे बघून म्हणाला, “ही आपल्या पुस्तकातल्या हंडेवाल्या पोरीवाणी दिसती की!” पुस्तक माझंच, अभ्यासाच्या नावाखाली तो ते चाळायचा. मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पुढे पुस्तकं बदलली, जुनी रद्दीत गेली, आणि पुरावाच उरला नाही.

माझी ती शक्ती हळूहळू गेली. कुणी म्हणालं, नजर लागली. नववीत पानं पुसट झाली, दहावीत कोरी. मी बाकीच्या मुलींसारखी घोकून घोकून पास झाले, शिक्षिका झाले, लग्न होऊन आळ्याकडे आले. माहेरी गेले की चौकट समोर असायचीच. आणि आईला आता आक्का चांगली आठवायला लागली होती.

“तीळ जन्माचा नव्हता बरं का तिला,” एकदा आई माझ्या मुलाला मांडीवर घेऊन सांगत होती. “दुसऱ्या वर्षी उमटला. मला वाटलं काजळ लागलंय. पदराला थुका लावून पुसतीय, पुसतीय, जाईनाच! मग सासूबाई हसल्या. म्हणल्या, अगं येडे, तीळ हाय तो. तिळाची पोर मायाळू असती.”

मी चुलीपुढे बसले होते. माझ्या हातातला चहा तसाच निवला. असं काही घडलेलंच नव्हतं. घडणं शक्यच नव्हतं. पण आईला तो पदर दिसत होता, ते काजळ दिसत होतं, आजीचं हसणं ऐकू येत होतं. तिच्या डोळ्यांपुढे ते छापल्यासारखं होतं. माझ्या पानांपेक्षाही स्पष्ट.

एकदा धीर केला. म्हणाले, “आई, तो तीळ आहे ना...” तिने पुढे बोलूच दिलं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “व्हय गं बाई. तुज्यामुळं ऱ्हायला तो. न्हाईतर मी इसरले असते.”

तर त्या दिवशी वर्गाच्या दारात ती पालक बाई माझ्या बोलण्याने खट्टू होऊन उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, “बाई, तुमचं माहेर कुठलं?” मी गावाचं नाव सांगितलं. तिने पुन्हा नाव विचारलं.

“त्या गावची एक पोरगी माझ्या शेजारच्या मशिनीवर बसायची,” ती म्हणाली. “घोडेगावला, शिवणक्लासला. लई हसरी. पान लागून गेली ती.”

“माझी आक्का,” मी म्हणाले.

तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, “क्लास संपला तवा समद्यांचा फोटो काढला व्हता. तुमच्या घरी दिलाच असंल की.”

कुणी दिला नव्हता. फोटो धुऊन येईपर्यंत आक्का गेली होती, आणि मेलेल्या पोरीच्या आईच्या हातात तो नेऊन द्यायचं कुणाला सुचलं नसेल, किंवा कुणाला झेपलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने तो वहीत घालून आणून दिला. “ठेवा तुमच्याकडंच.” फोटो उलटा होता. मागे निळ्या शाईत, डावीकडून उजवीकडे, बाराजणींची नावं. मी आधी तीच वाचली. आक्काचं नाव मागच्या रांगेत तिसरं. फोटो सुलटा केला आणि बोटाने मोजलं. एक, दोन, तीन.

तिथे एक अनोळखी मुलगी उभी होती.

गोल चेहरा. नाक जरा बसकं. भुवया जवळजवळ जुळलेल्या. ओठ दाबून हसू आवरतेय. गाल स्वच्छ. हात बघावे म्हटलं, ज्या हातांना मी डोक्यावरून ओळखत होते, तर मागच्या रांगेत असल्यामुळे हात दिसतच नव्हते. मी पुन्हा नावं वाचली, पुन्हा मोजलं. तिसरीच. वाट बघत राहिले की आतून काहीतरी हलेल, रक्त आहे शेवटी. काही हललं नाही. तिथेच बाकावर बसून मी रडले, ती दिसली म्हणून नाही, ओळखू आली नाही म्हणून. ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

जाताना मी तिला म्हणाले, “लेकीची वेणी समोर बसून घालत जा.”

“समोरनं कशी वेणी घालायची ओ, बाई?”

ते मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन माहेरी गेले. एसटीत वाटभर ठरवत होते, आता सांगून टाकायचं. आई थकली होती, पण चष्म्याने अजून तांदूळ निवडायची. आता आबाही गेले होते; त्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर आक्काची चौकट, ताजा हार घातलेली. मी फोटो आईच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. मनात वेडी आशा होती, मला नाही पण तिला ओळख पटेल. नऊ महिने पोटात वाढवलेली.

“कोण गं ह्या?”

“घोडेगावच्या शिवणक्लासच्या.”

“मग ह्यात आपली असंल की!” आईचा आवाज एकदम वर गेला. तिने चष्मा सारखा केला, उजेडाला सरकली. पुढच्या रांगेवरून बोट फिरलं. मग मागच्या. एक, दोन. तिसरीवर क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. तिने वर भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, पुन्हा भिंतीकडे. बोट परत पहिल्यापासून निघालं.

“नाय,” ती म्हणाली. “आपली नाय ह्यात. त्या दिवशी म्हशीपायी गेली नसंल. बघ ना, तीळ कुणालाच नाय.”

मी तिसरीच्या चेहऱ्याखाली बोट ठेवलं. “ही?”

आईने फोटो नाकाजवळ धरला. किती वेळ बघत होती, सांगता येत नाही.

“गोड हाय पोर,” आई म्हणाली. “कुणाची?”

तोंड उघडलं. सगळं ओठांवर होतं, पुस्तक, हंडा, उडालेली शाई. सांगितलं असतं तर तिने भिंतीवरून चौकट उतरवली असती. आणि हातात काय आलं असतं? जिला ती ओळखत नाही अशी एक मुलगी. तिची लेक दुसऱ्यांदा न्यायची, आणि या वेळी नेणारी मी.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“आता लगीन झालं असंल हिचं.”

“झालं असेल.”

“पोरं मोठी झाली असत्याल.”

“असतील.”

आईने फोटो पदराने पुसला आणि परत माझ्या हातात दिला. “सुखात ऱ्हाऊ दे बिचारी,” म्हणाली. “आपली तेवढी गेली.” आणि ती भिंतीवरच्या हंडेवाल्या मुलीकडे बघत बसली.